पंचांगांतले यवन

वैशाखांत लग्नसराई सुरू झाली कीं जोशीबुवांच्या ओसरीवर वधूपित्यांची गर्दी होते. मुलगी शिकलेली, निकोप, सुस्वभावी, घराणें तोलामोलाचें, मुलाची पसंतीही झालेली, इतक्यांत पत्रिकेच्या सातव्या घरांत मंगळ निघतो आणि बोलणें तेथेंच खुंटतें. हल्लीं हें काम पुष्कळ ठिकाणीं संगणक करितो व छापील कागद हातीं देतो. जोशीबुवांशीं निदान हुज्जत तरी घालतां येत असे. कागदाशीं तीही सोय नाहीं. अशा वेळीं कोणी धीट बापानें ‘याला आधार काय’ असें विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: हें आमच्या ऋषिमुनींचें शास्त्र आहे, यास परक्यांचा वारा लागलेला नाहीं. सातव्या मंगळानें संसाराचें कांहीं बिघडतें कीं नाहीं हा प्रश्न आज आम्ही बाजूस ठेवितों. आम्हांस लिहावयाचें आहे तें या उत्तराविषयीं. कारण जें शास्त्र परदेशच्या वाऱ्यापासून अलिप्त म्हणून सांगतात, तें अक्षरशः वाऱ्यावरच, म्हणजे नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांतून, आमच्या किनाऱ्यास लागलेलें आहे.

पंचांगाचीं अंगें पांच: तिथि, वार, नक्षत्र, योग व करण. पैकीं नक्षत्रें वेदांत आहेत आणि तिथींचें गणित वेदांगज्योतिषांत आहे. तें आमचें जुनें धन. परंतु त्याच वेदांगज्योतिषांत मेषवृषभादि बारा राशि नाहींत आणि सोममंगळादि सात वारही नाहींत. महाभारतांत युद्धाच्या दिवसांचा, नक्षत्रांचा व ग्रहांच्या गतींचा केवढा तरी पसारा आहे. पण अमुक योद्धा गुरुवारीं पडला असें व्यासांनीं कोठें सांगितलेलें नाहीं. आमच्या देशांत वार कोरलेला व काल निश्चित असलेला जो पहिला लेख मानतात, तो मध्य प्रदेशांतील एरण येथील स्तंभावर आहे. राजा बुधगुप्त, गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. म्हणजे इसवी सन ४८४. उलटपक्षीं इटलींतील पॉम्पेई हें शहर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें, तेथील एका भिंतीवर शनीपासून आरंभ करून वारांच्या देवतांचीं नांवें ओरखडून ठेविलेलीं सांपडलीं आहेत. दोहोंत चारशें वर्षांचें अंतर आहे.

पण शिलालेखांच्या तारखांवर सारा निवाडा करण्याचें कारण नाहीं. आमच्या वाचकांत जमाखर्चाची संवय असलेले पुष्कळ आहेत. त्यांनीं हा हिशेब स्वतःच बोटांवर करून पाहावा. रविवारानंतर सोमवार आणि सोमवारानंतर मंगळवारच कां? आकाशांत तर हे ग्रह या क्रमानें नाहींत. प्राचीन ज्योतिष्यांनीं पृथ्वीपासून दूरचा ग्रह आधीं व जवळचा शेवटीं असा जो क्रम लाविला, तो शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध व चंद्र असा आहे. आतां दिवसाचे चोवीस भाग करावे व प्रत्येक भाग याच क्रमानें एकेका ग्रहाच्या स्वाधीन करावा. पहिल्या भागाचा जो धनी, त्याचें नांव सबंध दिवसास द्यावें. शनिवारीं पहिला, आठवा, पंधरावा व बाविसावा भाग शनीचा. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला भाग रवीचा. शनिवारानंतर रविवार आला. रवीपासून तसेंच मोजीत गेलें कीं सोमवार येतो आणि पुढें आठवडा सुरळीत लागतो. आर्यभटानेंही वाराचा धनी काढण्यासाठीं या ग्रहमालिकेंतला चौथा ग्रह घ्यावा असेंच सांगितलें आहे.

यांत गोम चोवीस या आंकड्याची आहे. आमच्याकडे अहोरात्राच्या घटिका साठ आणि मुहूर्त तीस. हाच हिशेब साठ घटिकांनीं केला तर शनिवारानंतर शुक्रवार येतो. तीस मुहूर्तांनीं केला तर शनिवारानंतर मंगळवार! आज चालू असलेला आठवडा चोवीस होरांवांचून निघतच नाहीं. आणि अहोरात्राचे चोवीस भाग करण्याची चाल इजिप्तची. ग्रहांस देवता मानून त्यांच्या स्थानांवरून राजाचें व राज्याचें भविष्य वर्तविण्याची विद्या बाबिलोनची. अंतरावरून ग्रहांची उतरंड लावण्याची कल्पना ग्रीकांची. तीन देशांचे हे तीन धागे एकत्र वळले गेले, आणि त्याचा दोर आमच्या भिंतीवरील दिनदर्शिकेपर्यंत पोंचला आहे. वराहमिहिरानें सांगितलें आहे कीं कित्येकांच्या मतें ‘अहोरात्र’ या शब्दांतील पहिलें व शेवटचें अक्षर गाळून ‘होरा’ शब्द झाला. व्युत्पत्ति गोड आहे, परंतु ग्रीक भाषेंत तासास होराच म्हणतात.

राशींचा इतिहास याहून जुना. बाबिलोनच्या लेखकांनीं ओल्या मातीच्या विटांवर शतकानुशतकें ग्रहणांच्या व ग्रहांच्या नोंदी केल्या, आणि ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत सूर्याच्या मार्गाचे तीस तीस अंशांचे बारा सारखे भाग पाडले. जन्मकाळचे ग्रह टिपलेली सर्वांत जुनी ज्ञात पत्रिका तेथलीच, ख्रिस्तपूर्व ४१० ची. ख्रिस्तपूर्व ३३१ मध्यें शिकंदरानें बाबिलोन घेतलें, आणि तेव्हांपासून या विटांवरील विद्येस ग्रीक गणिती भेटले. हिप्पार्कसानें ती घेतली. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनें तर ख्रिस्तपूर्व ७२१ चें बाबिलोनी ग्रहण आपल्या गणितास आधार म्हणून घेतलें. म्हणजे ग्रीक विद्या हीही कांहीं आकाशांतून पडलेली नव्हे. युरोपांतील जे पंडित गेल्या दोन शतकांत ‘सर्व ज्ञानाचें माहेर ग्रीस’ असें मोठ्या तोऱ्यानें सांगत आले, त्यांच्या माहेराचेंही माहेर निराळें होतें.

हें ज्ञान आमच्या देशांत आलें तेव्हां शब्दांच्या खुणा अंगावर ठेवूनच आलें. (येथें यवन हा शब्द आम्ही जुन्या अर्थानें, म्हणजे ग्रीक व ग्रीकभाषी लोक या अर्थानें योजितों, मुसलमानांस तो पुढें लावण्यांत आला.) वराहमिहिराच्या बृहज्जातकांत राशींचीं जीं दुसरीं नांवें दिलीं आहेत तीं अशीं: क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य, तौक्षिक. संस्कृताच्या कोणत्याही धातूशीं यांची सोयरीक जुळत नाहीं, परंतु ग्रीक भाषेंतील मेंढा, बैल, जुळे, सिंह, कुमारी, तराजू, विंचू व तिरंदाज या शब्दांशीं तीं एकास एक जुळतात. केंद्र, लिप्ता, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम हीही त्याच गोत्राचीं. आणि ज्या सातव्या घरांतील मंगळामुळें मुलींचीं लग्नें अडतात, त्या घराचें शास्त्रांतील नांव ‘जामित्र’. ग्रीक शब्द ‘दियामेत्रोन’, अर्थ व्यास, म्हणजे लग्नस्थानाच्या थेट समोरचें घर. हा शब्द आमच्याकडे इतका मुरला कीं कालिदासानें कुमारसंभवांत शिवपार्वतीच्या विवाहाची तिथि जामित्रगुणानें युक्त अशी सांगितली. जगन्मातेच्या लग्नाचा मुहूर्त यवनांच्या शब्दानें निघाला, आणि त्यामुळें कवीस कोणी वाळींत टाकल्याचें ऐकिवांत नाहीं.

हें येणेंजाणें झालें कोठें व कसें? त्याचें उत्तर देण्यास आमच्या महाराष्ट्राएवढा चांगला साक्षीदार विरळा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या व अरबी समुद्राच्या बंदरांची माहिती लिहून ठेविली. त्या पुस्तकास पेरिप्लस म्हणतात, लेखकाचें नांव आलेलें नाहीं. तो भडोच, सोपारा, कल्याण व चौल या बंदरांचीं नांवें घेतो. भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे आपलें तेर. या पेठांतून माल गाड्यांवर लादून बंदरास येतो असें त्यानें लिहिलें आहे. इजिप्तचीं गलबतें जुलैच्या सुमारास निघत व पावसाळी वारा शिडांत घेऊन सरळ समुद्र ओलांडीत. येतांना इटलीचें मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळें, कांच व सोन्यारुप्याचीं नाणीं. जातांना सुती कापड, गोमेद, हस्तिदंत, पिंपळी, जटामांसी, गुग्गुळ. नाण्यांच्या बदल्यांत भडोचेस चांगला बट्टा सुटतो हें सांगण्यास तो विसरलेला नाहीं. माणूस खरा व्यापारी होता. रोमचा प्लिनी तर कुरकुरतो कीं हिंदुस्थान दरसाल आमचे पांच कोटि सेस्टर्स ओढून नेतो.

या व्यापाराच्या पाऊलखुणा दोन्ही टोंकांस आहेत. १९३८ सालीं पॉम्पेईच्या राखेंतून एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली. तिचीं भावंडें म्हणतां येतील अशा मूर्ति आमच्या तेर व भोकरदन येथें मिळाल्या आहेत. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेंकाडांत ग्रीकांच्या समुद्रदेवाची कांशाची मूर्ति सांपडली. आणि ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाहीं’ असें ज्यास आपण हिणवितों, त्याच्या मुठींतली ती दमडी तरी कोणाची? ग्रीकांचें द्राख्मे नाणें भडोचच्या बाजारांत चालत असे. त्याचा द्रम्म झाला, शिलाहारांच्या दानपत्रांत तो जागोजाग मोजून दिलेला आहे, आणि दाम व दमडी हीं त्याचींच लेंकरें.

हे यवन केवळ माल उतरवून परतणारे होते असेंही नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहांत जाऊन खांबांवरील अक्षरें पाहावीं. धेनुकाकट गांवच्या यवनांनीं हे खांब दान दिल्याचें तेथें ओळीनें कोरलेलें आहे. त्यांचीं नांवें सिंहधय, धम्म अशीं आमच्या मातींतलीं होऊन गेलेलीं आहेत. जुन्नरास एका यवनानें पाण्याचीं दोन टांकीं खोदविलीं, दुसऱ्यानें भिक्षूंसाठीं भोजनमंडप बांधला. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर मोठी मौज आहे. तेथील एका लेण्यांत गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा गौरव शक, यवन व पह्लव यांचा संहार करणारा म्हणून करिते. आणि त्याच डोंगरांत, हांकेच्या अंतरावर, दत्तामित्रीहून आलेला योनक इंद्राग्निदत्त आपल्या आईबापांच्या पुण्यासाठीं लेणें कोरवितो. राजांच्या प्रशस्तींत एक आणि बाजारांत, विहारांत दुसरें, असें पूर्वींही चालत होतें.

जेथें हुंडी आणि गोणी फिरतात तेथें ज्योतिषीही फिरतात. यवनजातक या नांवाचा संस्कृत ग्रंथ स्फुजिध्वज नामक यवनानें रचलेला आहे. त्याच्या कालाविषयीं पंडितांत वाद आहे, पण ग्रीकांची जन्मपत्रिकेची विद्या संस्कृत श्लोकांत उतरलेली तेथें स्पष्ट दिसते. यापेक्षां मोलाचा पुरावा वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेंत आहे. शके ४२७, म्हणजे इसवी सन ५०५, हा त्या करणग्रंथाचा आरंभ. त्यानें पांच सिद्धान्त एकत्र मांडले. पितामह व वसिष्ठ यांच्या पंक्तीस रोमक सिद्धान्त बसविला. त्या रोमकाचें वर्ष ३६५ दिवस, ५ तास, ५५ मिनिटें व १२ सेकंदांचें आहे. हिप्पार्कसाचें वर्षही बरोबर तेवढेंच. आणि याच ग्रंथांत यवनपुर व उज्जयिनी यांच्या वेळेंतील फरक दिला आहे: सात घटिका व एक तृतीयांश. घटिकेस सहा अंश धरले तर हें अंतर ४४ रेखांश भरतें. यवनपुर म्हणजे अलेक्झांड्रिया. आजच्या मापानें अलेक्झांड्रिया व उज्जैन यांत सुमारें ४६ रेखांशांचें अंतर आहे. काशीसाठीं त्यानें नऊ घटिका दिल्या, म्हणजे ५४ अंश. आजचें माप ५३ च्या आसपास. तारायंत्र नाहीं, खात्रीचें घड्याळ नाहीं, मध्यें एक आखा समुद्र; आणि चूक दोन अंशांच्या आंत! दोन दूरच्या शहरांतील माणसांनीं वेधांची देवघेव केल्यावांचून असा आंकडा निघत नाहीं. आम्हांस तर या एका आंकड्याचें अगत्य दहा विजयस्तंभांहून अधिक वाटतें.

आणि वराहमिहिरानें हें ऋण लपविलें नाहीं. बृहत्संहितेंत तो म्हणतो कीं यवन हे म्लेच्छ खरे, परंतु हें शास्त्र त्यांच्यांत उत्तम प्रकारें प्रतिष्ठित आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणें पूजिले जातात. त्याच्या पूर्वींच बौधायनानें समुद्रगमन पातकांच्या यादींत घातलेलें होतें, आणि पुढें कलिवर्ज्य प्रकरणानें ब्राह्मणांस तें दार कायमचें बंद केलें. एकोणिसाव्या शतकांत विलायतेहून परतलेल्या तरुणांस पंचगव्य पाजून शुद्ध करीत, तेव्हां प्रायश्चित्ताचा दिवस पाहण्यासाठीं जें पंचांग उघडीत, त्याचा वार व राशि हे दोघेही समुद्र ओलांडूनच आलेले होते. त्यांस मात्र कोणी पंचगव्य पाजलें नाहीं.

कोणी म्हणेल, मग आमचें म्हणून कांहीं उरलें कीं नाहीं? ही भीति व्यापारी मनुष्यास पडूं नये. भांडवल कर्जाऊ आणलें एवढ्यावरून पेढीची किंमत होत नसते; त्यावर काय कमावलें तें पाहतात. ग्रीक गणिती वर्तुळाची पूर्ण ज्या घेऊन कोष्टकें करीत. आमच्या गणित्यांनीं ती अर्धी केली, आणि एवढ्याशा फेरफारानें साऱ्या त्रिकोणमितीचें काम सोपें झालें. आर्यभटानें ४९९ सालीं अशा चोवीस ज्यांचें कोष्टक दिलें. ही ‘जीवा’ अरबांकडे ‘जीबा’ होऊन गेली. स्वर न लिहिण्याच्या त्यांच्या रीतीमुळें तीच अक्षरें पुढें ‘जैब’ अशीं वाचलीं गेलीं, त्या शब्दाचा अर्थ वस्त्राचा घोळ. लॅटिन भाषांतरकारांनीं त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द घेतला. आज शाळेंतील मुलगा ‘साइन’ म्हणून जें घोकतो तें इतक्या हातांतून फिरून घरीं परत आलेलें आहे.

आंकड्यांची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. पण तिच्यांतील एका माणसाचें नांव आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें. युफ्रेटीस नदीच्या कांठीं केन्नेश्रे येथील मठांत सेवेरस सेबोख्त नांवाचा सिरियन बिशप होता. आपल्या भोंवतालचे ग्रीकाभिमानी लोक ‘ज्ञान काय तें ग्रीक भाषेंतच’ असें म्हणतात याचा त्यास संताप येई. ६६२ सालीं त्यानें लिहून ठेविलें कीं हिंदूंचे ज्योतिषांतील शोध ग्रीक व बाबिलोनी यांच्याहूनही सूक्ष्म आहेत, आणि नऊ चिन्हांनीं चालणारें त्यांचें गणित शब्दांनीं वर्णितां येण्याजोगें नाहीं. उज्जयिनींत बसून यवनांस ऋषितुल्य म्हणणारा एक, आणि दीडशें वर्षांनीं युफ्रेटीसच्या कांठीं बसून हिंदूंचें श्रेष्ठत्व सांगणारा दुसरा. दोघांनाही स्वतःच्या मंडळींचा रोष पत्करावा लागला असेल तर आम्हांस नवल वाटणार नाहीं.

पुढें ७७३ च्या सुमारास सिंधकडील एक पंडित सिद्धान्त घेऊन बगदादेस खलीफा मन्सूर याच्या दरबारीं गेला. नवव्या शतकांत अल्ख्वारिझ्मीनें हिंदी आंकड्यांवर ग्रंथ लिहिला. १२०२ सालीं पिसाच्या फिबोनाचीनें, ज्यानें ही विद्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व्यापारी ठाण्यांत शिकली होती, ती युरोपच्या व्यापाऱ्यांस शिकविली. तेथेंही सनातनी होतेच. १२९९ सालीं फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानें आपल्या वह्यांत हे परकी आंकडे लिहूं नयेत असा नियम केला. शून्याचे सहा किंवा नऊ सहज करितां येतात, हें अशा आंकड्यांविरुद्ध सांगण्यांत येई, आणि ती शंका अगदींच पोकळ नव्हती. आजही आम्ही धनादेशावर रक्कम अक्षरीं लिहितों ती कांहीं हौसेनें नव्हे. पण नियम टिकला नाहीं. हिशेब लवकर व बिनचूक होतो असें दिसल्यावर सराफांनीं संघाकडे पाहिलें नाहीं.

आमच्याकडे मात्र उलट झालें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्यानें १८६५ पासून नाविक पंचांगावरून गणित करून पटवर्धनी पंचांग काढलें. ग्रहण आकाशांत दिसतें त्याच वेळेस पंचांगांत असावें, याहून त्यांचा मोठा आग्रह नव्हता. तरी जुन्या ग्रंथांतून न निघालेलें गणित धर्मकृत्यांस चालावें कसें, म्हणून लोक जुन्या पंचांगांसच चिकटून राहिले. ज्या जुन्या ग्रंथांचा हा कैवार, त्यांच्या कर्त्यांनीं यवनपुराच्या घटिका आपल्या गणितांत घेतल्या होत्या. त्या घेतांना त्यांनीं फक्त एक पाहिलें असेल: आंकडा वेधाशीं जुळतो कीं नाहीं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्याच गलबतांतून खरें गणित उतरलें आणि त्याच्या शेजारच्या पेटींतून भविष्यकथनही उतरलें. गणिताची आमच्या पंडितांनीं पारख केली, चुका काढल्या, सुधारणा केल्या, नवी भर घातली. दुसऱ्या पेटीची पारख मात्र कोणी केली नाहीं. वराहमिहिरासारख्या थोर मनुष्यानेंही नाहीं. ती जशीच्या तशी देवघरांत नेऊन ठेविली गेली, आणि तिचें वजन आजपर्यंत मुलींच्या बापांनीं वाहिलें आहे.

यंदा ज्यांच्या घरीं सातव्या मंगळावरून बोलणें अडलें असेल, त्या गृहस्थांनीं जोशीबुवांशीं वाद घालूं नये. नम्रपणें एवढेंच विचारावें, कीं बुवा, या सातव्या घरास आपले ग्रंथ जामित्र म्हणतात, तो शब्द कोणत्या धातूपासून झाला? बुवा व्याकरणाचीं पुस्तकें चाळीत असतील तेवढ्या वेळांत मुलामुलीनें समोरासमोर बसून दोन शब्द बोलून घ्यावे.